जळालेले घर आणि मदतीचे अर्ज

वणव्यात घर जळून जाण्यास काही मिनिटे पुरतात. त्या घरातील कुटुंबाला मदत मिळवण्यासाठी मात्र कित्येक वर्षे खर्ची घालावी लागतात. या दुसऱ्या, लांबलेल्या संकटाविषयी सहसा फारसे लिहिले जात नाही, कारण ज्वाळांची छायाचित्रे वृत्तपत्रांना मिळतात तशी अर्जांची मिळत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पेटलेला ‘कॅम्प फायर’ हा वणवा या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगा आहे, कारण सरकारी अनुदान, सवलतीचे कर्ज, खाजगी विमा, लोकवर्गणी आणि न्यायालयीन भरपाई अशा मदतीच्या जवळजवळ सर्व वाटा त्यात एकाच वेळी खुल्या झाल्या आणि प्रत्येक वाटेवर निरनिराळे दरवाजे असल्याचेही त्यात स्पष्ट झाले. जगातील सर्वांत श्रीमंत देशांपैकी एका देशात, भक्कम कायदे आणि मुबलक निधी असतानाही, मदतीचे माप कुटुंबाच्या गरजेवरून कमी आणि त्याला काय सिद्ध करता येते यावरून अधिक ठरले, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याशी, दोन खोल दऱ्यांच्या मधल्या डोंगरधारेवर, या वणव्यात सापडलेले पॅराडाइज हे गाव वसलेले होते आणि त्याची लोकसंख्या सुमारे २६ हजार होती. चिकोसारख्या शेजारच्या शहरापेक्षा घरे स्वस्त असल्यामुळे निवृत्त झालेली, बेताच्या उत्पन्नाची अनेक माणसे येथे पाइन वृक्षांच्या सावलीत स्थायिक झाली होती. त्या वर्षी मे महिन्यानंतर उल्लेखनीय असा पाऊस झालेला नव्हता, गवत व झुडपे वाळून कोळ झाली होती आणि ईशान्येकडून दरीतून वाहणारा कोरडा वारा ताशी ८० किलोमीटरपर्यंत झेपावत होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास पुल्गा या वस्तीजवळ आग लागली आणि दीड-दोन तासांत ती पॅराडाइजमध्ये पोहोचली. अशा वणव्यात ज्वाळांची भिंत घरावर चालून येते अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी बहुतेक घरे वाऱ्याबरोबर कित्येक मीटर, कधी किलोमीटरभर पुढे उडून येणाऱ्या निखाऱ्यांमुळे पेटतात. पन्हळीत साचलेली पाने, छताखालच्या हवेच्या जाळ्या, भिंतीला टेकवलेली लाकडे एवढे त्यांना पुरते. एक घर पेटले की त्याच्या उष्णतेने शेजारचे पेटते, आणि मग आगीला जंगलाची गरज उरत नाही. या वणव्यात ८५ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुसंख्य वृद्ध होती. १८ हजारांहून अधिक बांधकामे नष्ट झाली आणि त्यांत सुमारे १४ हजार राहती घरे होती.

घर सोडून निघालेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात हवे असते ते छप्पर, अन्न, औषधे आणि हरवलेल्या माणसांची खबर. चर्च, जत्रेची मैदाने व शाळांमध्ये निवारे उघडले गेले, पण ते भरून गेल्यामुळे आणि पाळीव प्राण्यांसह तेथे राहणे अवघड असल्यामुळे अनेक कुटुंबांनी चिको येथील वॉलमार्ट दुकानाच्या वाहनतळावर तंबू ठोकले. चिकोच्या मॉलमध्ये सिअर्स या बंद पडलेल्या दुकानाच्या जागेत आपत्ती-साहाय्य केंद्र थाटण्यात आले, जेथे केंद्र सरकार, राज्य, जिल्हा, विमा नियामक, वाहन परवाना विभाग आणि स्वयंसेवी संस्था यांची टेबले एकाच छताखाली मांडलेली होती. ही कल्पना अनुकरणीय आहे, कारण घराबरोबर ओळखपत्र, जन्मदाखला, घराचे खरेदीखत आणि विम्याची पॉलिसीही जळालेली असते, आणि यांपैकी कोणतेही एक मिळवायचे तर दुसरे दाखवावे लागते. ही साखळी पहिल्या कडीपाशीच तोडली नाही, तर पुढच्या कोणत्याही मदतीची सुरुवात होऊ शकत नाही.

केंद्रीय मदतीचे मुख्य साधन म्हणजे ‘फेमा’ ही आपत्ती-व्यवस्थापन संस्था. भारतीय वाचकाला याच नावाने परिचित असलेल्या परकीय चलनविषयक कायद्याशी तिचा काही संबंध नाही. राष्ट्राध्यक्षांनी १२ नोव्हेंबर २०१८ रोजी या वणव्याला मोठी आपत्ती घोषित केल्यावर बाधित कुटुंबांना फेमाकडे नोंदणी करता येऊ लागली. तथापि फेमाचे अनुदान हे नुकसानभरपाई नसते, तर जगण्यापुरता टेकू असतो. त्या वर्षी घरासाठी मिळू शकणारी कमाल रक्कम ३४,९०० डॉलर होती, आणि कॅलिफोर्नियात एवढ्या पैशांत घराचा पायाही जेमतेम उभा राहतो. शिवाय ज्या नुकसानीचे पैसे विमा देणार आहे, त्यासाठी फेमा दुसऱ्यांदा पैसे देत नाही, कारण दुहेरी लाभाला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे विमा असलेल्या कुटुंबाला प्रथम ‘अपात्र’ असे पत्र येते, ज्याचा खरा अर्थ अनेकदा ‘विमा कंपनीचा निर्णय कळवा, मग पाहू’ एवढाच असतो. परंतु तात्पुरत्या निवाऱ्यातील खाटेवर बसून ते पत्र वाचणारी व्यक्ती ‘अपात्र’ या एका शब्दापाशी थांबते आणि पुढील अपिलाची वाट सोडून देते, असा अनुभव आपत्तीग्रस्तांना साहाय्य करणारे कायदेविषयक सल्लागार वारंवार सांगतात.

फेमाच्या जोडीला लघुउद्योग प्रशासन ही दुसरी संस्था असते आणि नावात उद्योग असले तरी ती आपत्तीनंतर सामान्य घरमालकांनाही कमी व्याजाचे, ३० वर्षांपर्यंतच्या मुदतीचे कर्ज देते. त्या वेळी घराच्या दुरुस्तीसाठी २ लाख आणि घरातील सामानासाठी ४० हजार डॉलर ही कर्जाची कमाल मर्यादा होती. यातील विचित्र भाग असा की, सामानासाठी फेमाचे अनुदान हवे असल्यास अनेक अर्जदारांना आधी या कर्जासाठी अर्ज करून नकार मिळवावा लागे; म्हणजे आपण कर्ज फेडण्यास असमर्थ आहोत हे सरकारच्या एका खात्याकडून लिहून घेतल्याशिवाय दुसरे खाते दार उघडत नसे. ज्यांना कर्जच नको होते त्यांनी तो अर्ज भरला नाही आणि त्यामुळे अनुदानही गमावले. ही अट २०२४ मध्ये रद्द झाली.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने फेमाचा आणखी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. निवारा, अन्न, पाणी अशी तातडीची मदत कोणालाही मिळते, पण रोख अनुदानासाठी कुटुंबातील निदान एक व्यक्ती अमेरिकेची नागरिक असावी लागते, किंवा ग्रीन कार्डधारक, आश्रय मिळालेली अथवा कायद्याने पात्र ठरवलेल्या तत्सम वर्गातील स्थलांतरित असावी लागते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील व्यक्ती या वर्गात मोडत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे कर भरणाऱ्या, कर्ज काढून घर घेतलेल्या दांपत्याला स्वतःच्या नावावर हे अनुदान मागता येत नाही; तेथे जन्मलेले त्यांचे मूल मात्र जन्माने नागरिक असल्यास त्याच्या वतीने अर्ज करता येतो. अशा कुटुंबांचा खरा आधार विमाच असतो.

विमा हा या साऱ्या व्यवहाराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. अमेरिकेतील घरविम्यात साधारणतः तीन रकमा वेगळ्या मोजल्या जातात: घराच्या बांधकामाची, घरातील सामानाची, आणि घर पुन्हा उभे राहीपर्यंत अन्यत्र राहण्याच्या वाढीव खर्चाची. यांपैकी बांधकाम आणि सामान यांच्याबाबत ‘बदलीची किंमत’ आणि ‘प्रत्यक्ष मूल्य’ यांतील भेद निर्णायक ठरतो. बदलीची किंमत म्हणजे तशीच वस्तू आज नवीन घेण्यास लागणारे पैसे. प्रत्यक्ष मूल्य म्हणजे त्यातून वापराचा घसारा वजा करून उरलेली रक्कम. दहा वर्षे वापरलेल्या पलंगाचे प्रत्यक्ष मूल्य नगण्य असते, पण झोपायला नवा पलंगच आणावा लागतो. विमा कंपनी आधी घसारा वजा केलेली रक्कम देते आणि कुटुंबाने ती वस्तू खरोखर विकत घेऊन पावती सादर केल्यानंतरच उरलेला फरक देते. म्हणजे पुरेशी शिल्लक नसलेल्या कुटुंबाला पूर्ण हक्क वसूल करण्यासाठीही आधी स्वतःचे पैसे घालावे लागतात. घोषित आपत्तीत ही वसुली करण्यास किमान ३६ महिने मिळावेत, अशी तरतूद कॅलिफोर्नियाने २०१८ मध्येच केली.

सामानाच्या दाव्यासाठी द्यावी लागणारी यादी ही तर आपत्तीग्रस्तांच्या बोलण्यात सर्वांत अधिक येणारी गोष्ट. घरात असलेली प्रत्येक वस्तू, तिची संख्या, वय, खरेदीचे ठिकाण आणि किंमत अशा रकान्यांत शेकडो, प्रसंगी हजारो नोंदी भराव्या लागतात. स्वयंपाकघरातील प्रत्येक खण, कपाटातील प्रत्येक कप्पा मनाने पुन्हा उघडायचा, लग्नातील साडी किंवा आईने विणलेली शाल यांसमोर डॉलरचा आकडा लिहायचा, आणि एखादी वस्तू महिन्यांनंतर आठवली की यादी पुन्हा उघडायची. महाराष्ट्रातील रीत येथे तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे. कोकणात फेब्रुवारी ते मे या काळात लागणाऱ्या वणव्यांत आंबा-काजूच्या बागा, गोठे आणि कधी घरेही जळतात. तेव्हा तलाठी पंचांसमक्ष जळिताचा पंचनामा करतो आणि त्यावर तहसील कार्यालयाकडून ठरीव दराची मदत मंजूर होते. ती मदत तुटपुंजी असते, ती मिळण्यास विलंब होतो आणि पंचनाम्यात काय लिहिले जाईल याची शाश्वती नसते, हे सर्व खरे असले, तरी नुकसानीची नोंद करण्याचे ओझे तत्त्वतः शासनावर आणि शेजाऱ्यांच्या साक्षीवर असते. कॅलिफोर्नियात रक्कम कितीतरी मोठी असते, पण पंच, कारकून आणि दावेदार या तिन्ही भूमिका जळितग्रस्तालाच पार पाडाव्या लागतात. या यादीचा जाच इतका उघड झाला की, घोषित आपत्तीत घर पूर्ण नष्ट झाल्यास बांधकामाच्या विमा रकमेच्या ३० टक्के, कमाल अडीच लाख डॉलर, सामानापोटी यादीविना द्यावेत असा कायदा राज्याने २०२० मध्ये केला.

यादी पूर्ण झाली तरी अपुऱ्या विम्याचा प्रश्न उरतो. पॉलिसी घेताना ठरलेली बांधकामाची रक्कम वर्षानुवर्षे तीच राहते किंवा थोडीशी वाढते, पण एकाच वेळी हजारो घरे बांधायची असली की गवंडी, सुतार आणि लाकूड यांचे भाव चढतात. त्यात नवे घर नव्या नियमांप्रमाणेच बांधावे लागते. वणवाप्रवण क्षेत्रातील बांधकामासाठी कॅलिफोर्नियात २००८ पासून न पेटणारे छप्पर, निखारे अडवणाऱ्या बारीक जाळ्या असे नियम लागू आहेत आणि त्यांचा उपयोग निर्विवाद आहे: मॅक्लॅची वृत्तसमूहाने केलेल्या विश्लेषणात २००८ नंतर बांधलेली सुमारे ५१ टक्के घरे या आगीच्या वाटेत असूनही सुरक्षित राहिल्याचे, तर त्याआधीच्या घरांपैकी केवळ १८ टक्के राहिल्याचे आढळले. मात्र हा सुधारित दर्जा पाळण्याचा वाढीव खर्च जुन्या पॉलिसीत धरलेला असतोच असे नाही. ज्यांच्यावर गृहकर्ज आहे त्यांना राखेच्या ढिगाऱ्याचेही हप्ते भरावे लागतात, आणि विम्याच्या धनादेशावर बहुधा बँकेचेही नाव असल्यामुळे तो परस्पर वटवता येत नाही. विमा कंपनीच बुडाली तर काय, याचेही उत्तर या वणव्याने दिले: मर्सेड प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी या छोट्या कंपनीची मालमत्ता सुमारे २.३ कोटी डॉलर होती आणि एकट्या पॅराडाइजमधील तिची देणी सुमारे ६.४ कोटी, ती काही आठवड्यांतच नियामकाच्या ताब्यात गेली आणि तिच्या ग्राहकांचे दावे राज्याच्या हमी निधीकडे, त्याच्या मर्यादांसह, वळवण्यात आले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनीही धोक्याच्या भागांतून पाय मागे घेतला. स्टेट फार्मने २०२४ मध्ये राज्यातील सुमारे ७२ हजार पॉलिसींचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले. त्यांत पॅसिफिक पॅलिसेड्स या लॉस एंजेलिसच्या भागातील अनेक घरे होती, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथे वणवा पेटला. विमा नाकारलेल्यांसाठी १९६८ पासून ‘फेअर प्लॅन’ ही विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली योजना आहे खरी, पण तिचे संरक्षण मूलभूत आगविम्यापुरते मर्यादित आणि हप्ता मात्र भारी असतो.

भाडेकरू आणि पॅराडाइजमध्ये मोठ्या संख्येने असलेली ‘मोबाइल होम’ची कुटुंबे यांची स्थिती याहून बिकट होती. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात तयार करून जागेवर आणून बसवलेले घर. ते कुटुंबाच्या मालकीचे असते, पण त्याखालची जमीन भाड्याची. घर जळाल्यावर जमीनमालकाने वसाहत पुन्हा सुरू न करण्याचे ठरवले, तर विम्याचे पैसे हातात असूनही परतायला जागा नसते. परगावी भाड्याचे घर मिळणेही कठीण होते, कारण आगीत पॅराडाइज आणि चिको ज्यात येतात त्या ब्यूट जिल्ह्यातील सुमारे १४ टक्के घरे नाहीशी झाली होती आणि चिकोची लोकसंख्या अल्पावधीत जवळजवळ २० हजारांनी वाढली होती.

ज्यांची जमीन स्वतःची होती, त्यांनाही तिच्यावर लगेच पाऊल ठेवता येत नव्हते. जळालेल्या घराच्या राखेत ॲस्बेस्टॉस, शिसे, आर्सेनिक असे घातक पदार्थ असतात. त्यामुळे आधी विषारी वस्तू आणि नंतर ढिगारा व दूषित मातीचा थर अशा दोन टप्प्यांत सफाई होते, आणि त्यासाठी मालकाने सरकारी पथकास जागेत येऊ देण्याचे संमतिपत्र भरावे लागते. नोव्हेंबर २०१९ पर्यंत ३६ लाख टनांहून अधिक ढिगारा हलवण्यात आला. दरम्यान, पाण्याच्या नळांत बेंझिन हे कर्करोगकारक रसायन आढळल्याने, जी घरे वाचली होती तेथेही नळाचे पाणी पिण्यास महिनोन्महिने मनाई राहिली. निरुपायाने काही कुटुंबे आपल्याच जळक्या जागेवर निवासी वाहन उभे करून राहू लागली आणि नगर परिषदेने त्यास परवानगीही दिली. पण जी जागा सुरक्षित म्हणून लोक तेथे राहतात तिची सफाई धोकादायक म्हणून केंद्राच्या खर्चाने कशी करायची, असा प्रश्न फेमाने उपस्थित केला. सफाईचा प्रचंड निधी गमावण्याच्या भीतीने परिषदेला फेब्रुवारी २०१९ मध्ये ती परवानगी मागे घ्यावी लागली. फेमाचा तर्क नियमाला धरून होता, आणि ज्यांच्याकडे दुसरी जागाच नव्हती त्यांच्यासाठी तो निर्दय होता.

सरकार आणि विमा यांतील फटी लोकांच्या दानाने भरून निघतात असे मानण्याकडे कल असतो. इंटरनेटवरील वर्गणीतून अनेक कुटुंबांना पहिल्या महिन्यातील खर्च भागवता आला, हेही खरे. परंतु अशा वर्गणीची रक्कम गरजेपेक्षा ओळखीपाळखीच्या वर्तुळावर अवलंबून असते: कोलोरॅडो राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये हजारावर घरे जाळणाऱ्या मार्शल वणव्यानंतर तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात अधिक उत्पन्नाच्या कुटुंबांना अधिक वर्गणी मिळाल्याचे दिसून आले.

उरते ती दोषी पक्षाकडून मिळणारी भरपाई. कॅम्प फायरचे कारण तपासात निश्चित झाले: पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावरील, जवळजवळ शंभर वर्षे जुना, झिजलेला लोखंडी आकडा तुटला आणि त्यावरील विद्युतभारित तार मनोऱ्याला लागून ठिणग्या खाली वाळलेल्या गवतावर पडल्या. कंपनीने जून २०२० मध्ये सदोष मनुष्यवधाचे ८४ आणि बेकायदा आग लावल्याचा एक, असे आरोप न्यायालयात मान्य केले. कंपनीला तुरुंगात धाडता येत नसल्यामुळे शिक्षा सुमारे ३५ लाख डॉलर दंडाची झाली. कॅलिफोर्नियातील न्यायतत्त्वानुसार सार्वजनिक सेवेच्या यंत्रणेमुळे खाजगी मालमत्तेचे नुकसान झाल्यास निष्काळजीपणा सिद्ध न करताही कंपनी देणेकरी ठरते, आणि या जबाबदारीच्या ओझ्यामुळे कंपनीने जानेवारी २०१९ मध्येच दिवाळखोरीचे संरक्षण मागितले होते. परिणामी घर गमावलेली कुटुंबे कायद्याच्या भाषेत धनको बनून, बँका आणि गुंतवणूक निधी यांच्याबरोबर एकाच प्रकरणात उभी राहिली.

त्या प्रकरणातून कॅम्प फायर आणि कंपनीशी संबंधित इतर काही वणव्यांतील सुमारे ७० हजार पीडितांसाठी १३.५ अब्ज डॉलरचा विश्वस्त निधी निर्माण झाला, पण त्यातील निम्मी रक्कम रोख होती आणि निम्मी त्याच कंपनीच्या शेअरमध्ये. जिच्या तारेने घर जाळले तिचाच शेअर वधारावा अशी वाट पाहण्याची वेळ पीडितांवर आली. दाव्यांची छाननी होऊन पैसे हप्त्यांत मिळू लागले. मान्य रकमेच्या आधी ३० टक्के, पुढे ४५ आणि नंतर ६० टक्क्यांच्या वर. पूर्ण शंभर टक्के मिळणार नाहीत हे विश्वस्तांनी स्पष्ट केलेले होते. यातून वकिलांचा वाटा जाई, आणि त्यावर केंद्रीय प्राप्तिकराची टांगती तलवार होती. वकिलांना गेलेली रक्कमसुद्धा पीडिताचे उत्पन्न मानली जाऊ शकत होती, त्यामुळे हाती न आलेल्या पैशांवर कर भरण्याची वेळ काहींवर आली आणि कागदावर उत्पन्न फुगल्याने काहींच्या इतर सरकारी सवलती धोक्यात आल्या. अशा वणव्याच्या भरपाईला करमुक्त ठरवणारा कायदा अमेरिकी संसदेने मंजूर केल्यावर १२ डिसेंबर २०२४ रोजी तो अमलात आला. तोवर आगीला सहा वर्षे होऊन गेली होती, आणि २०२० च्या जनगणनेत पॅराडाइजची लोकसंख्या ४,७६४ इतकीच नोंदली गेली होती. ज्यांनी मधल्या काळात कर भरून टाकला होता, त्यांना तो परत मिळवण्यासाठी सुधारित विवरणपत्राच्या रूपाने आणखी एक अर्ज करावा लागला.